जाण आणि दया : ससिक-रक्षण लीळेचे निरूपण



सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमणकाळातील लीळा म्हाइंभटांनी लीळाचरित्राच्या एकांक भागात ग्रथित केल्या आहेत. त्यांपैकी ससिक-रक्षणाची लीळा पंथातील आबालवृद्धांस परिचित आहे. स्वामी वनात आसनस्थ असता, शिकाऱ्यांच्या कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा धावत येऊन स्वामींच्या जानूखाली दडला. मागोमाग शिकारी आले आणि त्यांनी ससा मागितला. तो येथे शरण आला आहे, असे सांगून स्वामींनी तो देण्याचे नाकारले. त्यांनी शिकाऱ्यांस उपदेश करून त्यांचे मन हिंसेपासून परावृत्त केले आणि शेवटी त्या सशास आदराने निरोप दिला.

या लीळेचे निरूपण करताना बहुधा शरणागतीचा व अहिंसेचा विचार सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि या लीळेत आणखी एक विचार दडलेला आहे. मनुष्य आणि मनुष्येतर प्राणी एकमेकांस कसे ओळखतात, एकमेकांपासून काय शिकतात, आणि त्या शिकण्याचे पर्यवसान कशात होते, हा तो विचार होय. प्राण्यांची बुद्धी, त्यांची भाषा आणि त्यांच्या भावना यांविषयी आज पुष्कळ संशोधन होत आहे. त्याचे वृत्तांत वासनिकांच्या घराघरांत पोहोचतात आणि त्यातून साधकांच्या मनात प्रश्न उभे राहतात. म्हणून या विषयाची शास्त्रदृष्टीने फोड करणे अगत्याचे आहे.

लीळेतील चौघे

लीळेत ससा, कुत्रे आणि शिकारी असे तिघे आहेत आणि चौथे स्वयं स्वामी आहेत. प्रथम पहिल्या तिघांचा विचार करावा. शिकारी आणि कुत्रा यांचे साहचर्य अतिप्राचीन आहे. कुत्रा किमान चौदा हजार वर्षांपासून मनुष्याच्या सहवासात आहे, असे उत्खननात मिळालेल्या अवशेषांवरून दिसते. मनुष्याने बोट दाखविले असता बोटाकडे न पाहता दाखविलेल्या दिशेकडे पाहणे ही गोष्ट सामान्य वाटते. परंतु पुष्कळ प्राण्यांस ती साधत नाही, कुत्र्याच्या पिलास मात्र लवकर साधते. धन्याची शीळ, हाताचा इशारा, आवाजातील उतावीळपणा हे सर्व कुत्रा जाणतो. शिकारीही कुत्र्याच्या कानांवरून व शेपटीवरून पुढे सावज आहे की नाही हे ताडतो. शिकाऱ्यास सशाचीही ओळख असते. ससा कोणत्या झुडपाच्या आडोशाला बसतो, कोणत्या वाटेने पळतो, हे त्यास ठाऊक असते. ससाही अजाण नसतो. कुत्र्याची चाहूल लागताच तो सरळ न धावता वळणे घेत धावतो, कारण मागचा वेगात असता त्यास एकाएकी वळता येत नाही.

तात्पर्य, हे तिघेही एकमेकांस उत्तम प्रकारे जाणतात. त्यांत जाणिवेची उणीव कोठेही नाही. आणि तरीही त्या सर्व जाणिवेचा शेवट एका जीवाच्या मृत्यूत होणार होता. शिकारी जितका कुशल, तितकी त्याची प्राण्यांविषयीची जाण अधिक. आणि जाण जितकी अधिक, तितके सावजास सुटणे कठीण. यावरून पहिला निर्णय असा होतो की, प्राण्यास जाणणे आणि प्राण्यावर दया करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीच्या पोटी दुसरी आपोआप जन्मास येत नाही. त्या वनात दया आली ती चौथ्यांच्या सन्निधानाने आली.

शंका-समाधान

येथे अशी शंका येते की, सशास स्वामींच्या स्वरूपाचे ज्ञान नव्हते. मग तो शरण आला असे कसे म्हणावे? जीव जवळचा आडोसा पाहून कोठेही शिरतो.

याचे समाधान असे. ब्रह्मविद्याशास्त्राच्या दृष्टीने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. त्यांपैकी जीव हा पदार्थ मनुष्यदेहात असो वा पशुदेहात असो, जीवच होय. देहाचा भेद कर्मकृत आहे. मात्र ज्ञान ग्रहण करून परमेश्वरास अनुसरण्याचा अधिकार मनुष्यदेहातच प्राप्त होतो. म्हणून सशास ज्ञान झाले असे कोणी म्हणू नये. त्यास भय होते, आणि जेथे भय नाही असे स्थान त्यास सापडले, एवढेच. परंतु परमेश्वराची कृपा जीवाच्या जाणतेपणाचे मोल मागत नाही. सशाने काही जाणले नाही, तरी स्वामींनी त्यास जाणले. शरणागती पुरी झाली ती स्वामींच्या जाणण्याने झाली.

याच ठिकाणी साधकाने आपल्याकडे पाहावे. सशास ज्ञान नव्हते, तरी संकटकाळी तो एकाच स्थानी शिरला आणि निरोप मिळेपर्यंत तेथून हलला नाही. साधकास शास्त्र श्रवण झालेले असते, चार पदार्थांचा निर्णय ठाऊक असतो, आणि तरी संकट येताच त्याचे मन दहा ठिकाणी आश्रय शोधत फिरते. अनन्यता शब्दाने जाणणारा मनुष्य आणि शब्द न जाणता एका स्थानी स्थिर राहणारा ससा यांत अधिकार मनुष्याचा मोठा आहे यात संशय नाही. पण अधिकार मोठा असणे आणि तो वापरणे यांतील अंतर या लीळेने स्पष्ट होते.

दुसरी शंका अशी. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात श्रीकृष्णप्रभूंनी उद्धवदेवास अवधूत आणि यदुराजा यांचा संवाद सांगितला आहे. भास्करभट्ट बोरीकरांनी उद्धवगीतेत एकादश स्कंधाचे निरूपण मराठीत केले असल्याने पंथीयांस हा विषय अपरिचित नाही. त्या संवादात अवधूताने सांगितलेल्या चोवीस गुरूंपैकी कपोत, अजगर, पतंग, भ्रमर, हत्ती, हरिण, मीन, कुरर पक्षी, सर्प, कोळी आणि पेशस्कारी कीटक असे अकरा मनुष्येतर प्राणी आहेत. मग पशुपक्ष्यांस गुरू मानून त्यांची पूजा करावी काय?

समाधान : नाही. त्या प्राण्यांनी अवधूतास उपदेश केलेला नाही. हरिण गीताच्या नादाने व्याधाच्या हाती सापडले, मासा आमिषाच्या रसाने गळास लागला, पतंग रूपाने ज्योतीत जळाला, हत्ती स्पर्शाने खड्ड्यात पडला. हे सर्व त्यांनी भोगले. त्यांपासून बोध घेतला तो अवधूताच्या विवेकाने. येथे गुरू या शब्दाचा अर्थ बोधाचे निमित्त एवढाच घ्यावा. निमित्त पूज्य होत नाही. ज्ञानाचा दाता आणि मोक्षाचा दाता एक परमेश्वरच होय, आणि भक्ती त्याचीच करावी. पशूपासून शिकणे हे अनन्यभक्तीस बाधक नाही, पशूस देव करणे मात्र बाधक आहे.

या संवादात आणखी एक मर्म आहे. हरिणास नाद प्रिय आहे, ही एकच गोष्ट व्याधासही ठाऊक आहे आणि अवधूतासही ठाऊक आहे. व्याधाने तिचा उपयोग हरिणास मारण्यासाठी केला. अवधूताने तिचा उपयोग स्वतःच्या कानाचा संयम करण्यासाठी केला. जाण दोघांची समान, दृष्टी मात्र भिन्न. एकाने प्राण्याची दुर्बलता पाहून प्राण्यास धरले, दुसऱ्याने तीच दुर्बलता स्वतःत ओळखून स्वतःस आवरले. प्राण्यापासून शिकणे म्हणजे काय, याचे उत्तर या भेदात आहे.

दृष्टांत पहिला : गणित जाणणारा घोडा

केशिराज व्यासांनी दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टान्तिक अशी रचना करून स्वामींचे दृष्टांत एकत्र केले. लौकिकातील घटनेवरून अलौकिक विचार सुगम करण्याची ही रीत पंथात मान्य आहे. तिला अनुसरून विसाव्या शतकातील एक घडलेली गोष्ट येथे विचारार्थ घेतली आहे.

जर्मनीतील बर्लिन नगरात विल्हेल्म फोन ओस्टेन नावाचे गणिताचे एक शिक्षक होते. त्यांनी हान्स नावाच्या घोड्यास अनेक वर्षे शिकविले. बेरीज-वजाबाकी विचारली असता घोडा जितके उत्तर तितक्या वेळा पायाचा खूर आपटीत असे. पाहण्यास लोक गर्दी करीत. ओस्टेन त्यांच्याकडून मोबदला घेत नसत. १९०४ साली जाणत्या लोकांच्या एका मंडळाने परीक्षा केली आणि येथे लबाडी नाही असा निर्वाळा दिला. परंतु त्यानंतर ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने बारकाईने प्रयोग केले तेव्हा निराळेच सत्य प्रकट झाले. विचारणाऱ्यास उत्तर ठाऊक असले आणि तो घोड्यास दिसत असला, तरच घोडा बरोबर उत्तर देई. विचारणाऱ्यासच उत्तर ठाऊक नसले, किंवा घोड्याच्या डोळ्यांस झापड लावून तो दिसेनासा केला, तर घोडा चुकत असे. घोड्यास गणित येत नव्हते. खूर मोजता मोजता योग्य संख्या आली की विचारणाऱ्याचे मस्तक, भुवया, श्वास यांत अत्यल्प हालचाल होई, आणि ती पाहून घोडा थांबे. ती हालचाल आपण करतो याची विचारणाऱ्यास स्वतःस जाणीव नव्हती. हे रहस्य उलगडणाऱ्या फुंग्स्टनाही आपली हालचाल पूर्णपणे रोखणे जड गेले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला.

लोकांनी म्हटले, घोडा मूर्ख ठरला. वस्तुतः मनुष्य स्वतःविषयी जे जाणत नव्हता, ते घोडा जाणत होता.

दार्ष्टान्तिक : यातून साधकाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली अशी की, पशू मनुष्याचे शब्द ऐकत नाही, त्याचा देह वाचतो. अहिंसेचे व्रत कायिक, वाचिक आणि मानसिक असे त्रिविध सांगितले जाते. लोकांमध्ये वाणी गोड ठेवून अंतरीचा क्रोध झाकता येतो. पशूपुढे तो झाकत नाही. मुखाने चुचकारीत असता ज्याचा हात आवळलेला आहे, त्याच्या जवळ वासरू येत नाही. गावाच्या वेशीवर भुंकत येणारे कुत्रे भिक्षूच्या मनातील भय आणि चीड दोन्ही ओळखते. मानसिक अहिंसा कितपत साधली, याची परीक्षा ज्यास करावयाची असेल, त्याने मनुष्यांची स्तुती न ऐकता मुक्या जनावरांचे वर्तन पाहावे.

दुसरी गोष्ट शास्त्राभ्यासकांसाठी आहे. ओस्टेन प्रामाणिक होते, तरी वर्षानुवर्षे ते स्वतःचेच उत्तर घोड्याकडून ऐकत होते, कारण प्रश्न विचारतानाच उत्तर त्यांच्या मनात तयार होते. सूत्र उघडण्यापूर्वी ज्याने निर्णय करून ठेवला आहे, त्याची गतीही अशीच होते. आपल्या इच्छेच्या ठिकाणी तो वाचन थांबवितो आणि म्हणतो, शास्त्र असे सांगते. शास्त्र तसे सांगत नसते. थांबण्याची खूण त्यानेच केलेली असते. म्हणून परंपरेने दिलेला अर्थ, पूर्वापार संदर्भ आणि प्रकरण पाहूनच सूत्राचा निर्णय करावा, आपली इच्छा सूत्राच्या दृष्टीआड ठेवावी.

दृष्टांत दुसरा : मधाची वाट दाखविणारा पक्षी

आफ्रिका खंडातील मोझांबिक देशाच्या उत्तरेस नियासा नावाचे अभयारण्य आहे. तेथे याओ लोक मध गोळा करण्यासाठी वनात जातात. त्या वनात एक लहान पक्षी आहे. मनुष्यास मधमाश्यांच्या पोळ्यापर्यंत नेणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे. तो पाळीव नाही, त्यास कोणी शिकविलेले नाही. याओ लोक एक विशिष्ट आवाज करतात; आरंभी जिभेची थरथर आणि शेवटी हुंकार. तो ऐकून पक्षी येतो, ओरडत झाडावरून झाडावर पुढे जातो आणि पोळ्याजवळ थांबतो. मनुष्य धुराने माश्या हटवून मध घेतो, आणि उरलेले मेण पक्ष्यास मिळते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, हा विशिष्ट आवाज केला असता पक्ष्याने वाट दाखविण्याचा संभव सुमारे ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर जातो, आणि पोळे सापडण्याचा संभव १७ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर जातो. टांझानिया देशातील हाद्झा लोक आवाजाऐवजी शीळ घालतात, आणि तेथील पक्षी त्या शिळेस अधिक प्रतिसाद देतात, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. म्हणजे देशपरत्वे भाषा भिन्न, आणि पक्षी आपापल्या देशाची भाषा शिकतो.

मनुष्य आणि वन्य प्राणी यांच्यात असा संवाद असणे हे सृष्टीतील नवल आहे. परंतु साधकाने नवलातच गुंतून राहू नये. या व्यवहारात मनुष्यास मध मिळाला, पक्ष्यास मेण मिळाले. ज्यांनी फुलाफुलांतून तो साठविला त्या माश्यांस काय मिळाले? अवधूताने मध काढणाऱ्यासही गुरू केले आहे, कारण एकाने साठवावे आणि दुसऱ्याने न्यावे हे त्यास तेथे दिसले. आणि तो उपकारी पक्षीही साधू नव्हे. तो आपले अंडे दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात घालतो, आणि त्याचे पिलू अंड्यातून बाहेर येताच चोचीच्या अणकुचीदार आकड्याने त्या घरट्यातील पिलांस मारते. यात पक्ष्यास दोष देण्याचे कारण नाही. तो देह तसाच आहे, तो जीव कर्मभोगात आहे.

दार्ष्टान्तिक : दोघांचे हित जुळले म्हणजे मैत्री झाली असे नाही, आणि दोघांची भाषा जुळली म्हणजे दया झाली असे नाही. मनुष्य आणि पक्षी यांत एक भेद मात्र आहे. पक्षी माशीच्या बाजूने विचार करू शकत नाही. मनुष्य करू शकतो. व्यवहारात नसलेल्या तिसऱ्याचे दुःख पाहण्याचे सामर्थ्य हाच मनुष्यदेहाचा विशेष होय. त्या सामर्थ्याचा उपयोग न करणारा मनुष्यदेहात असूनही त्या पक्ष्याच्या पायरीवरच राहिला.

आचार

आता या विचाराचे आचारात काय करावे ते संक्षेपाने सांगितले जात आहे.

जाणिवेवाचून दया आंधळी होते. पोळ्याच्या दिवशी वासनिक बैलांस न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, पुरणपोळी चारतात. भाव चांगला आहे. परंतु रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकाएकी पुष्कळ पिष्टान्न गेले तर तेथे आम्लता वाढते, रवंथ बंद पडतो, आणि प्रसंगी जनावर दगावते. प्रेमाने केलेली ही हिंसाच होय. नैवेद्य घासभर द्यावा आणि पोट चाऱ्याने भरावे. गायी, वानरे, पक्षी यांस पुण्य म्हणून वाटेल ते खाऊ घालणाऱ्यांनी हाच विचार करावा. घेणाऱ्याच्या पोटाचा विचार न करता दिलेले अन्न देणाऱ्याच्या समाधानापुरतेच असते.

दयेवाचून जाण क्रूर होते. एक दिवस बैलाची पूजा करून उरलेले वर्षभर त्याच्या पाठीत पराणी टोचणारा मनुष्य बैलास चांगला ओळखत असतो. कोठे टोचले असता तो चालेल हे त्यास नेमके ठाऊक असते. परंतु हीच ओळख निराळ्या रीतीने वापरता येते. नाकपुडी कोरडी पडली, कान लोंबले, रवंथ थांबला, तर जनावर आजारी आहे. मान सुजली तर जू काढावे. दुपारच्या उन्हात बैल मध्येच थांबला तर त्यास हट्टी न म्हणता सावलीत न्यावे. मुक्याने सांगितलेले ऐकणे ही दयेची पहिली पायरी आहे. जनावरांस निर्दयपणे वागविणे १९६० च्या अधिनियमाने दंडनीय केलेले आहे. परंतु ज्याने परमेश्वराचा मार्ग धरला त्याने दंडाच्या भयाची वाट पाहू नये.

भिक्षूंनी अटनात असता गावातील कुत्र्यांस काठी उगारू नये आणि धावूही नये. धावणाऱ्याच्या मागे लागणे हा त्यांचा देहधर्म आहे. शांतपणे, त्यांच्या डोळ्यांत रोखून न पाहता, हात आवरून उभे राहावे. बहुधा ते भुंकून मागे फिरतात. विजनात बसले असता जवळ आलेल्या पक्ष्यास वा खारीस हाकलू नये आणि आमिष दाखवून बोलावूही नये. हाकलणे हे भयाचे मूळ, बोलावणे हे ममतेचे मूळ. ते निर्भयपणे आले आणि निर्भयपणे गेले, एवढेच साधकाने पाहावे.

स्वामींनी सशाच्या बाबतीत हेच केले. त्यांनी ससा शिकाऱ्यांस दिला नाही, आणि आपल्याजवळ ठेवूनही घेतला नाही. संकट टळताच त्यास वनात जाऊ दिले. राखले, पण बांधले नाही. शिकाऱ्यांचाही त्यांनी धिक्कार केला नाही. त्यांच्यातही तोच जीव पाहिला आणि त्यांस हिंसेतून सोडविले. ससा मृत्यूपासून वाचला, शिकारी पापापासून वाचले. ज्या जाणिवेने एकाचे रक्षण होते आणि दुसऱ्याचा उद्धार होतो, ती जाण परमेश्वराची होय. जीवास ती स्वसामर्थ्याने प्राप्त होणार नाही. परंतु तिच्या अनुसंधानाने वागता येते, आणि ज्याने ज्ञानाचा स्वीकार केला त्याच्यावर तसे वागण्याचे ऋण आहे.

म्हणून सद्भक्तांनी प्राण्यांची बुद्धी किती आहे याचे कौतुक जरूर करावे, त्यांच्यापासून जे शिकता येईल ते शिकावे. परंतु शेवटी स्वतःस एकच प्रश्न विचारावा. भयाने धावणारा एखादा जीव आपल्या जवळ आला, तर त्यास येथे शिरावेसे वाटेल काय?